पावडरचं कारण

अंगावरची धूळ उडवणाऱ्या हवेच्या झोतांची ती खोली एकाच माणसापुरती होती. फेंग-यिंग आत शिरली आणि मागोमाग घाईघाईने शू इंजिनियरही... दार लागलं. आता वीस सेकंद तरी उघडणार नव्हतं. दोघंही नखशिखांत पांढऱ्या पोशाखात. दिसत होते फक्त डोळे.

"गोल फिरा ना, नाहीतर धूळ तशीच राहील," तो म्हणाला.

"साहेब, तुमचा पाय माझ्या बुटावर आहे!"

१९७८ साल होतं. शिनचूच्या त्या कारखान्यात देश स्वतःची चिप बनवायला शिकत होता आणि ही दोघं एकमेकांचे डोळे वाचायला. एका रविवारी देवळासमोर तांदळाच्या शेवया खाताना त्याने पहिल्यांदा तिचा अख्खा चेहरा पाहिला.

"हनुवटीवर तीळ? हा दोष माझ्या नोंदीत नव्हता."

"मग करा नापास."

"छे... हा तुकडा मी ठेवून घेणार."

पुढच्या शनिवारी पाळी सुटताच गाडी पकडून तो तिला मियाओलीला, आपल्या आईकडे नेणार होता. मध्ये घरी जायला वेळ नव्हता, म्हणून मनाई असूनही तिने सकाळीच पावडर लावली — अगदी पुसट. मास्कखाली कोण बघतंय?

दुपारी सिलिकॉनच्या चोवीस चकत्यांवर पांढरे कण दिसले. सोमवारी मंत्र्यांना दाखवायची होती, नेमकी तीच खेप.

अहवाल पाळीच्या इंजिनियरने लिहायचा, म्हणजे त्यानेच. 'ऑपरेटरच्या चेहऱ्यावर पावडर. कामावरून कमी करावे.' खाली तिची सही हवी होती. नोकरी गेल्याचं तिने गिळलं. चूक तिचीच होती. पण 'कारण' हा रकाना त्याने कोरा सोडला होता. तिने पेन उचललं आणि लिहिलं — 'शू इंजिनियरांच्या आईंना भेटायला जायचं होतं.'

तो पांढराफटक पडला.

"हे वर जाईल, फेंग-यिंग... प्रशिक्षणाला अमेरिकेला कुणाला पाठवायचं, ते याच महिन्यात ठरतंय. तेवढं खोडता? लग्न तर मी तुमच्याशीच करणार आहे!"

किती दिवस ती हे ऐकायला थांबली होती... तिने ओळ खोडली, एकही अक्षर वाचता येऊ नये अशी. मग सही केली.

"चला लवकर," तो घड्याळ बघत म्हणाला, "गाडी चुकेल."

"तुम्ही जा. आईंना सांगा, अशी कुणी मुलगी नव्हतीच. कागदावरही आता तसंच आहे."