तिसऱ्या रिळातली झोप

“अहो मॅडम, उठा… पिक्चर संपला.”

उत्तराने डोळे उघडले. समोर कोरा पडदा, भोवती रिकाम्या लोखंडी खुर्च्या आणि पुढ्यात एक सावळा, किडकिडीत माणूस अवघडून उभा. पर्सच्या बक्कलाचा ठसा तिच्या गालावर उमटला होता आणि तो नेमका तिथेच बघत होता. हसला नाही, हे त्यातल्या त्यात नशीब.

“संपला? अगं बाई! शेवट काय झाला?”

“तुम्ही कुठपर्यंत जाग्या होतात?”

“तो मास्तर गावात परत येतो ना… तिथपर्यंत.”

“म्हणजे तिसरं रीळ अख्खं गेलं.”

आता कोणी म्हणेल, झोपायचंच तर घरी झोपावं की बाई! पण तिची अडचण तिलाच ठाऊक. शनिवारची रात्रपाळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढायची आणि सकाळी घर गाठायच्या आधी घाटकोपरच्या या शाळेच्या हॉलमध्ये यायचं. इथल्या फिल्म सोसायटीने शहाऐंशीच्या उन्हाळ्यात जुन्या मराठी चित्रपटांचा महोत्सव भरवला होता. आठ रविवार, सकाळी नऊ वाजता. खरे सभासद तिचे वडील, मार्तंडअण्णा. पण दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि माणूस खाटेला खिळला. “तू बघून ये आणि मला गोष्ट सांग,” एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता. त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, स्वयंपाक करायचा, वर नोकरी. वय एकतीस, पण शीण साठीतल्या बाईचा. अंधार झाला आणि डोक्यावर पंखा फिरायला लागला की तिची मान कलायचीच.

“अण्णांना शेवट सांगायचाय हो,” ती रडकुंडीला आली.

“मग बसा. मला रिळं गुंडाळायचीच आहेत. गुंडाळता गुंडाळता सांगतो.”

त्याचं नाव सहदेव घाडी. आठवडाभर चारकोपच्या कारखान्यात प्लास्टिकच्या बरण्या काढायचा आणि रविवारी सोसायटीचा प्रोजेक्टर चालवायचा. पिक्चर संपला की प्रत्येक रीळ शेवटाकडून सुरुवातीकडे हाताने उलटं गुंडाळावं लागतं, तसंच डब्यात घालून परत द्यायचं असतं. टेबलावर दोन चकत्या, एक हँडल आणि अर्ध्यापाऊण तासाची करकर. त्या करकरीत त्याने सांगितलं, की नावाड्याची मुलगी भर पुरात होडी घालते, मास्तरला पैलतीरी गाठते आणि दोघं गावात शाळा काढतात.

“झकास!” उत्तरा म्हणाली. घरी जाऊन तिने तस्संच सांगितलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. “असं होय…” एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच! मग उत्तराने लाज सोडली. तिसरं रीळ चढलं की ती खुशाल डोळे मिटायची. सहदेवने तिची खुर्ची खांबाशी सरकवून ठेवली, डोकं टेकायला. एकदा उठली तर अंगावर त्याचा सदरा होता. मशीनच्या तेलाचा वास येत होता त्याला… तिने तो घडी करून परत दिला, पण जरा उशिराने.

“तुम्ही झोपेत हुंकार देता,” तो म्हणाला.

“काहीतरीच!”

“खरंच. व्हिलन बोलला की हमखास.”

ती हसली. किती दिवसांनी हसली, कोण जाणे. थर्मासमधला चहा दोघं एकाच झाकणातून आळीपाळीने प्यायचे. तो सांगायचा आणि ती ऐकायची. शेवटी आंधळ्या आईला दिसायला लागायचं, तुरुंगातला भाऊ सणाला घरी यायचा, ताटातूट झालेली माणसं देवळाच्या पायरीवर भेटायची. जुन्या लोकांचं मन किती मोठं होतं, असं तिला वाटायचं. सबंध आठवडा रेटायला तेवढा अर्धा तास पुरायचा. तिला तो आवडत होता, सरळच सांगायचं तर फार आवडत होता. पण बोलणार काय? खाटेवरचा बाप आणि रात्रपाळ्या घेऊन आलेली बायको कोणाला हवीय? दोन स्थळं एवढ्यावरूनच फिरली होती.

आणि शेवटचा रविवार उजाडला. सोसायटीही बंद होणार होती. घरोघरी व्हिडिओ आला, सभासद उरले तेरा. आज हॉलची किल्ली शाळेला परत द्यायची होती. सभासदांच्या आग्रहाखातर पहिलाच पिक्चर पुन्हा लावला होता, नावाड्याच्या मुलीचा. उत्तराने मुद्दाम शनिवारी रजा घेतली, पोटभर झोपली, कैरीच्या रंगाची साडी नेसली. आज काहीतरी बोलायचंच, असं ठरवून आली.

तिसरं रीळ चढलं. ती टक्क जागी! मुलगी होडी घालते… होडी मध्यावर येते… आणि उलटते. मास्तर काठावर तिची ओढणी हातात घेऊन बसतो. संपला पिक्चर.

हॉल रिकामा झाला तरी ती खांबाशीच बसून होती.

“जाग्या होतात?” सहदेवच्या तोंडचं पाणी पळालं.

“ती बुडते, घाडी.”

“…हो.”

“आणि ती आंधळी आई?”

“मरते.”

“तुरुंगातला भाऊ?”

“फाशी.”

“म्हणजे सगळं खोटं?”

“सगळं नाही. तो पाचवा खरा होता. विनोदी होता तो.”

“थट्टा सुचतेय तुम्हाला?” तिचा आवाज फाटला. “मी ते सगळं अण्णांना सांगितलं! अंथरुणावरचा माणूस, आठवडाभर त्या गोष्टीची वाट बघतो. माझ्या तोंडून त्यांना फसवलंत तुम्ही!”

“पहिल्या दिवशी तुम्ही उठलात ना, तेव्हा इतक्या दमलेल्या दिसलात…” तो खाली बघत म्हणाला. “ती बुडली म्हणून सांगूक माका जमूकच नाय. मग दर रविवारचंच झालं.”

उत्तरा पर्स उचलून तरातरा निघून गेली.

घर दहा मिनिटांवर. शेजारच्या वनमालाकाकू अण्णांजवळ बसल्या होत्या, त्या गेल्यावर तिने खाटेशी बसून सगळं ओकून टाकलं. झोपेचं, रिळांचं, त्या माणसाचं. “चुकलं माझं, अण्णा. तुम्हाला खोटं सांगत आले.”

अण्णांच्या तोंडाची डावी बाजू हसायला लागली.

“अगं वेडे… तो पिक्चर मी आणि तुझी आई सात वेळा बघितलाय. सातही वेळा बुडाली ती. दर वेळी तुझ्या आईने माझा रुमाल भिजवला. बाकीचे शेवटही मला पाठ आहेत.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, तूच रचतेयस.” ते थांबत थांबत बोलत होते. “म्हटलं, माझ्या पोरीला अजून असं चांगलं सुचतंय… म्हणजे अजून काही वाट लागलेली नाही. रविवारी तू घरात शिरायचीस ना, तेव्हा तुझा चेहरा निराळा असायचा. आता कळलं कशाने.” मग त्यांनी डाव्या हाताने तिला ढकललं. “रिळं गुंडाळायला किती वेळ लागतो त्याला?”

“अर्धापाऊण तास.”

“मग इथे काय करतेयस? जा, पुढच्या रविवारी त्याला घरी बोलाव.”

भर बाराच्या उन्हात कैरी रंगाच्या साडीचा बोंगा धरून उत्तरा धावली. शाळेच्या पायऱ्या चढताना छातीत कळ आली, पण थांबली नाही. दोन रिळं डब्यात बंद होती. तिसरं चकतीवर चढवलेलं, आणि सहदेव हँडलवर हात ठेवून नुसता बसलेला.

“अजून झालं नाही?” तिने धापा टाकत विचारलं.

“हे गुंडाळलं की कुलूप लावायचं.” त्याने वर बघितलं. “म्हणून… हातच चालेना.”

ती समोर बसली. “अण्णांना सगळे शेवट आधीपासून पाठ होते. तरी त्यांना तुमचेच आवडले. पुढच्या रविवारी घरी बोलावलंय.”

“आणि तुला आवडले?” त्याच्या तोंडून निसटलं. “म्हणजे… तुम्हाला?”

“तूच म्हण.” तिचे कान तापले. “पण आता एक शेवट खरा सांग, सहदेव. थापा नकोत. आपलं काय होणार?”

तो चकतीवरच्या रिळाकडे बघायला लागला. मग म्हणाला, “खरं? चारकोपला एक खोली, त्यात आई. इकडे तुझे अण्णा. तुझ्या रात्रपाळ्या, माझा कारखाना. सोप्पं नाय गो. दमायला होईल.”

“दमलेली मी आहेच रे,” उत्तरा म्हणाली. “एकटीने दमायचा कंटाळा आलाय.”

 सहदेवने हँडलवरचा हात थोडा सरकवून तिच्या हाताला जागा केली. दोघं मिळून तिसरं रीळ उलटं गुंडाळू लागले… अगदी सावकाश. खिडकीतून येणाऱ्या उजेडात फिल्म धरून तिने एकदा बघितलं. उलटलेली होडी पुन्हा सरळ झाली होती आणि मुलगी वल्हं घेऊन उभी होती.

“चहा आहे का रे थर्मासमध्ये?”

“अर्धं झाकण आहे.”

“आण.”