तारवाच्या दाराबाहेर

टेलिफोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: स्पीकरची वायर नीट लावलीय ना? दहांतल्या चार तक्रारी तिथेच मिटायच्या. दुसरा प्रश्न, डिस्क पुसलीत का. मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही. त्यावर आणखी तीन मिटायच्या. उरलेल्या तीन तक्रारींसाठी वेसने टाइप करून दिलेली चाळीस पानी वही माझ्यापुढे असे, आणि ती मला तोंडपाठ होती.

मुलांसाठी बायबलमधले कॉम्प्युटरचे खेळ बनवणारं आमचं ऑफिस अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात होतं, गावच्या धान्यकोठाराला लागून. पूर्वी तिथे ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळायचे. ओल्या दिवसांत भिंतींना अजून ग्रीसचा वास येई. आम्ही सहा माणसं. मालक हार्लन रोल्फ्स, त्याची बायको डॉर्कस, प्रोग्राम लिहिणारा वेस, पाकिटं भरणाऱ्या दोघी आणि टेलिफोनवर मी, मार्लिस डायकहाउस. मार्चपर्यंत सात जण होतो. चित्रं जोलीन काढायची.

आमचा चाललेला खेळ एकच, ‘तारवात चला!’ मुलांनी प्राण्यांच्या जोड्या मोजायच्या, त्यांची नावं लिहायची, बरोबर आलं की जोडी फळीवरून नोहाच्या तारवात, म्हणजे महापुरातून वाचवणाऱ्या त्याच्या जहाजात, चढते. सगळे चढले की दार बंद होतं आणि पावसाचं गाणं लागतं. दाराचा आवाज हार्लनच्या गोठ्याचा होता. बायबलात ते दार देव लावतो, म्हणून उघडायचं बटण आम्ही ठेवलंच नव्हतं.

प्रत्येक फोनचं एक कार्ड भरायचं. वरच्या अर्ध्यात बिघाड, खालच्या अर्ध्यात प्रार्थनेची विनंती. "आज तुमच्यासाठी काय मागू देवाकडे?" असं विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, हा हार्लनचा नियम. लोक सांगायचे. सासूचा गुडघा, नवऱ्याची नोकरी, मुलीचं वजन. रोज सकाळी आठला आम्ही खुर्च्या गोल मांडून कालची कार्डं मोठ्याने वाचायचो. आमच्याकडे कोणी चहाड्या करत नाही. आमच्याकडे प्रार्थना मागतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला फोन आला, नेब्रास्काहून. ट्वायला श्मिट नावाची बाई, तीन मुलींना घरीच शिकवणारी. ती हसतच होती.

"मिस मार्लिस, तुमच्या तारवात कोणीतरी चढायचं राहिलंय बघा."

"म्हणजे?"

"दार लागलं की बाहेरून टकटक ऐकू येते. पुढे काही होतच नाही. पावसाचं गाणं नाही, काही नाही. आमची केझिया म्हणते, जिराफ राहिला असेल."

मीही हसले. प्लग विचारला, डिस्क पुसायला सांगितली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावायला लावला. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "अजून येतंय. ऐका ना," आणि तिने फोन स्पीकरपाशी धरला.

दोनदा जड. मग जरा थांबून, एकदा हलकं.

माझ्या हातातलं पेन कार्डावर तसंच टेकून राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला तरी मला उचलायचं सुचलं नाही.

"नवी डिस्क पाठवते," मी म्हणाले. खालचा अर्धा विचारायला मी विसरले, ती पहिलीच वेळ.

त्या आठवड्यात असे सहा फोन आले. मिसूरी, टेक्सास, एक कॅनडातून. वेसने डिस्कवरचे सगळे आवाज एकेक करून मला ऐकवले. हत्ती, कोल्हे, पाऊस, फळीवरची पावलं, मिळून दोनशे चौदा. टकटक कुठे नव्हती.

"जोलीनने जाता जाता काही घुसडलं असेल का?" त्याने विचारलं.

"कसं घुसडेल? या सगळ्या डिस्क गेल्या सप्टेंबरात बनल्यात. ती मार्चपर्यंत होती."

"तेही खरंच," वेस म्हणाला. "आणि नाताळात हीच डिस्क लोक खेळत होते की. तेव्हा कोणाची तक्रार नव्हती."

मी भुताखेतांच्या गोष्टींना नाक मुरडणारी बाई आहे. म्हणून मी घरी जाऊन माझ्या कॉम्प्युटरवर तो खेळ शेवटपर्यंत खेळले. दार लागलं, गाणं लागलं, सगळं सुरळीत. टकटक आली नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट कोणीतरी मला बघून रस्ता बदलावा, तसं वाटलं.

आता ते सांगायलाच हवं.

मार्चमधल्या एका गुरुवारी कॉफीच्या सुट्टीत जोलीनने मला मागच्या दाराशी नेलं. बाही वर करून दंड दाखवला. "ड्वेनचा हात पुन्हा सुटलाय," ती म्हणाली. "शनिवारी तो गुरांच्या बाजाराला जाईल. मी मिकेलाला घेऊन निघते, ओरेगॉनला, बहिणीकडे. कोणाला बोलू नकोस हं मार्लिस." ड्वेन तिचा नवरा, मिकेला तिची मुलगी, सात वर्षांची. मी तिचा हात धरून म्हटलं, "वेडी आहेस का? माझ्या तोंडून जाईल होय?"

शुक्रवारी सकाळी आठ वाजता, गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसून, डोळे मिटून मी म्हणाले, "जोलीनच्या संसारासाठी प्रार्थना करू या. उद्या ती घर सोडायच्या विचारात आहे." ती त्या दिवशी उशिरा येणार होती. मला खरंच वाटलं का, की मी चांगलं करतेय? आज विचारलं तर सांगता येत नाही. एवढं आठवतं की सगळ्यांचे डोळे उघडले आणि माझ्याकडे वळले, आणि ते मला आवडलं. डॉर्कसचा भाऊ ड्वेनबरोबर पशुखाद्याच्या गिरणीत कामाला. दुपारच्या आत बातमी पोचली. शनिवारी ड्वेन बाजाराला गेला नाही.

रविवारी दुपारी, चर्चमधल्या दुसऱ्या उपासनेनंतर, चार वाजता जोलीन माझ्या घरी आली. तीन दिवस पाऊस लागला होता, वर बर्फ वितळत होतं, ओढे फुगले होते. मी स्वयंपाकघरात कॉफी घेत बसले होते. तिची गाडी ओळखली. दिवा लागलेला, माझी गाडी अंगणात. मी घरात आहे हे तिला दिसत होतं.

आमच्या भागात स्वयंपाकघराच्या दाराला कोणी कुलूप लावत नाही आणि ते कोणी वाजवतही नाही. दार ढकलायचं आणि "आहेस का गं?" करत आत यायचं. जोलीन अकरा वर्षं तशीच आली होती. त्या दिवशी तिने दार वाजवलं. आपल्याला अजून आत यायची मुभा आहे का, ते तिला माहीत नव्हतं.

दोनदा जड. मग जरा थांबून, खालच्या बाजूला, एकदा हलकं.

मला ड्वेनची भीती वाटली नाही. मला लाज वाटली. तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघू, एवढंच डोक्यात होतं. "ये" हा एक शब्द पुरे होता, आणि मी बशीतले बिस्किटाचे कण बोटाने टिपत बसले. तिने तीनदा वाजवलं. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

सोमवारी गाडी ओढ्याच्या खालच्या पुलाशी सापडली. दोन दारं उघडी, किल्ली आत. चार दिवस पाण्यात गळ टाकून शोधलं, माणसं मिळाली नाहीत. कोणी म्हणालं, कुणाच्या ट्रकमधून निघून गेली असेल. मग ओरेगॉनहून बहिणीचा ऑफिसात फोन आला, ती अजून पोचली कशी नाही म्हणून. तो मीच घेतला.

मे महिन्यात ट्वायलाचा पुन्हा फोन आला. या वेळी ती हसत नव्हती.

"नवी डिस्कही तशीच. पण ते राहू द्या. केझिया कॉम्प्युटरपुढून उठत नाहीये. जेवत नाही धड. म्हणते, त्या बाहेर पाण्यात उभ्या आहेत."

"त्या म्हणजे?"

"एक बाई आणि एक मुलगी म्हणे. मिस मार्लिस, मी देवाला मानणारी आहे, असलं काही मी बोलणार नाही. पण पोर सहा वर्षांची आहे, आणि दोन आठवड्यांत अर्धी झालीय. खालच्या अर्ध्यात लिहा हे."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हार्लनने ते कार्ड मोठ्याने वाचलं. "एक बाई आणि एक मुलगी," असं वाचून तो जरासा थांबला. डॉर्कसने मांडीवरचा धागा उचलला. मला वाटलं, आता सांगावं. आता या गोलातच, जिथे बोलले तिथेच. आणि मी म्हणाले, "केझियाच्या भुकेसाठी प्रार्थना करू या."

ट्वायलाने त्याच दुपारी फोन केला. "तिला तुमच्याशीच बोलायचंय. बघा काही उजेड पडतो का."

मग बारीक आवाज. "हॅलो. तुम्ही मिस मार्लिस का?"

"हो राजा. आधी सांग बघू, स्पीकरची वायर..."

"लावलीय. मी सगळं केलं. वहीत सातवं पान आहे ना, तेपण केलं."

वहीची पानं मी कोणाला सांगत नसे. मी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"केझिया, टकटक येतेय आत्ता?"

"हो. ऐकू येत नाही?"

येत होतं. दोन जड, एक हलकं. फार दमलेलं.

"मी ‘या’ म्हणाले," ती सांगू लागली. "खूपदा म्हणाले. पण त्या येत नाहीत. ती म्हणते, ‘हे दार तुझं नाहीये.’"

"कोण म्हणते?"

"बाई. ती म्हणते दाराला कुलूपच नाहीये. फक्त आतून ‘ये’ म्हणायचं. आणि ते तुम्ही म्हणायचं."

हार्लन माझ्यापासून चार हातांवर उभा राहून कॉफी ओतत होता. डॉर्कस पाकिटांवर पत्ते चिकटवत होती. वेसने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मिस मार्लिस?"

शब्द जिभेवर आला होता. लहानसा शब्द. पण नुसता "ये" म्हणून भागलं नसतं. सगळ्यांनी विचारलं असतं, कोणाला गं बोलावतेस?

"मिस मार्लिस, छोटीला थंडी वाजतेय."

हार्लनने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "काय झालं मार्लिस?"

"काही नाही," मी म्हणाले. "डिस्क खराब आहे."

मग फोनमध्ये म्हणाले, "बाळा, आईकडे दे बघू फोन."

पलीकडे टकटक थांबली.

मध्येच थांबली. दोन जड झाल्या, आणि हलकी आलीच नाही.

मी ट्वायलाला डिस्क परत पाठवायला सांगितलं. आवाज माझाच होता, नेहमीसारखा, मदतीचा. तिच्यासाठी देवाकडे काय मागू, तेही मी विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं लोक म्हणतात ना, ते त्या दिवशी मला कळलं. आणि कळूनही मी पुढचा फोन घेतला.

त्या दिवसानंतर एकही तक्रार आली नाही. कुठूनच नाही. हार्लनने सकाळच्या गोलात माझं नाव घेऊन देवाचे आभार मानले, कारण वेसला न सापडलेला बिघाड मी निस्तरला होता. सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हणाले.

जूनमध्ये ट्वायलाचं पत्र आलं. केझिया आता बरी आहे, मक्याची कणसं दोन-दोन खाते, वजन भरलंय. तुमचे उपकार कसे फेडू? शेवटी तिने लिहिलं होतं: "गंमत सांगते. आता त्या दोघी कुठे गेल्या म्हणून विचारलं, तर म्हणते, मिस मार्लिसच्या घरी. म्हणते, त्यांचं दार उघडंच असतं, पण या दोघी शहाण्या आहेत, बोलावल्याशिवाय आत जात नाहीत. पोरांच्या डोक्यात काय काय येतं!"

मार्चमधल्या त्या रविवारपासून मी पुढच्या दारानेच ये-जा करते. आमच्याकडे पुढचं दार फक्त लग्नाला आणि मयताला उघडतात, म्हणून शेजारीण म्हणते, "मार्लिस, पाहुणी झालीस का गं स्वतःच्या घरात?" स्वयंपाकघराच्या दाराला मात्र मी कुलूप लावलेलं नाही. तेवढं धाडसही मला झालं नाही. रविवारी चार वाजता मी त्याच टेबलाशी बसते आणि कान देते. टकटक कधीच आली नाही. आली असती तर या वेळी मी बोलले असते, असं मी स्वतःला सांगत असे.

ऑक्टोबरमध्ये थंडीआधी तिथे बाहेरून काचेचं दार बसवायचं असतं. त्यासाठी एका कोरड्या, उन्हाच्या दिवशी मी सात महिन्यांनी पहिल्यांदा घराला वळसा घालून मागे गेले. स्वयंपाकघराचं ते दार मी मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात हिरवं रंगवलं होतं, दोन हात देऊन.

रंग दोन ठिकाणी गेला होता. एक जागा माझ्या खांद्याच्या उंचीवर, दुसरी दाराच्या मुठीच्या बरीच खाली. दोन्ही ठिकाणी बोटांच्या पेरांएवढं लाकूड उघडं पडलं होतं. वरची जागा जुनी होती, उन्हापावसाने करडी झालेली.

खालची ओली होती.