बंद माइकमधून आलेला आवाज

गोष्ट म्हणून वाचायची तर वाचा, पण हे माझ्या बाबतीत घडलंय. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या सभागृहात.

मी दुभाषी आहे. युद्ध थांबवायला दोन्ही बाजूंची बोलणी चालली होती. मी सभागृहाच्या वरच्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. शेजारी माझे कामातले जोडीदार, वयाने मोठे. त्यांना सगळे मामा म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ आघाडीवर होता, नदीवरच्या पुलापाशी. सह्या झाल्या तर संध्याकाळी तिथला गोळीबार थांबणार होता.

पण पूल कोणाचा, यावरच सकाळपासून घोडं अडलं होतं.

“जेवायला कधी उठायचं यावर मात्र लगेच एकमत झालं बघ,” मामा पुटपुटले.

मला हसू आलं नाही. रडूही येत नव्हतं. आतून सगळं बधिर झालं होतं.

मग खाली सगळे गप्प झाले. माइकचे लाल दिवे विझले.

आणि हेडफोनमध्ये... कोणीतरी श्वास घेतला.

“मिटलं का? उठू का आम्ही?”

आमच्या कामात कानात पडलं की तोंडातून निघतं. मध्ये डोकं लावायला सवड नसते. मी ते वाक्य पलीकडच्या बाजूच्या भाषेत बोलून मोकळी झाले.

आणि मग आवाज ओळखला...

माझ्या भावाचा होता.

“अगं, काय बोललीस तू?” मामा दचकले. “माझ्या कानात तर काहीच आलं नाही!”

तिकडच्या लोकांनी माना वर केल्या. त्यांचा म्हातारा जनरल काचेतून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“पुढचा मुद्दा घ्या,” तो म्हणाला.

संध्याकाळच्या आत बोलणी फिसकटली. सगळे आपापल्या गाड्यांत बसून निघून गेले.

काही आठवड्यांनी भाऊ घरी आला. धडधाकट. आईने त्याचा चेहरा ओंजळीत धरला. “बाळा, बोल ना रे काहीतरी.”

तो बोलला नाही. आजतागायत नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे.

त्याच्या तुकडीतला मित्र भेटायला आला होता. सांगत होता, पुलाखाली लपलेले असताना हा एकदाच काहीतरी पुटपुटला, आणि मग मुकाच झाला.

कधी, ते मी विचारलं...

तीच दुपार होती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलणी आहेत. मला बोलावलंय.

“कशाला नसती आफत ओढवून घेतेस? नाही म्हणून टाक,” मामा म्हणाले.

मी हो कळवलंय. युद्ध थांबेल असं मला वाटत नाही. पण त्याचा आवाज ऐकायला मला दुसरी जागाच उरलेली नाही.