कलेजी की काळीज

हय मोहम्मदी वस्तीच्या कोपऱ्यावर, बा बूशाइबच्या कलेजी-पावाच्या हातगाडीपाशी, विआमचा धक्का लागला आणि पुढच्या माणसाच्या पावातली सगळी कलेजी चिखलात!

"अगं बाई... माफ करा हं!"

"राहू द्या. आजच्या दिवसाला हेच शोभतं."

तिला हसूच फुटलं. दिवसभर कॉल सेंटरमध्ये फ्रान्सच्या गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन तिचा जीव आंबलेला, आणि हा तिच्याहून दमलेला! झुहैर त्याचं नाव. रॅप करायचा. कुठल्या कंपनीचा हात डोक्यावर नाही. दिवसा बंदरात राबायचं आणि उरलेल्या वेळात भाड्याच्या स्टुडिओत अल्बम रेटायचा.

मग संध्याकाळी गाडीपाशी भेटणं सुरूच झालं.

"संपला का तुमचा अल्बम?"

"झाली का तुमची फ्रान्सची माफी मागून?"

'तुमचं'चं 'तुझं' कधी झालं, कळलंही नाही. तो सगळं बोलायचा... तेवढं एक सोडून.

हिवाळ्यात अल्बम आला आणि समीक्षकांनी नुसता डोक्यावर घेतला. शेवटचं गाणं 'कब्दा'. 'भुकेल्या शहराचा हुंकार' असं जिकडेतिकडे छापून आलं. विआमलाही ते पटलं. कलेजीला तिथल्या अरबीत कब्दाच म्हणतात.

त्या बुधवारी ती भिजतच आली. झुहैर आधीच उभा होता, डोळे तारवटलेले.

"मुलाखती देऊन वीट आलाय गं. भूक, भूक, भूक! तू तरी सांग, कसं वाटलं गाणं?"

"छान की! पोटात कावळे ओरडायला लागले."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पण तिलाही आज थट्टेची ताकद नव्हती.

"शुक्रवारी मला बघायला येताहेत," ती म्हणाली. "औषधांचं दुकान आहे त्याचं. आई म्हणते, हो म्हण. आणि मी... वाट बघून थकले रे."

"कुणाची वाट?"

"तुझी, शहाण्या! तोंड शिवलं होतं का तुझं?"

"मी बोललो की! अख्खं गाणं बोललो!" तो कळवळून म्हणाला. "लाडात आली की आई काय म्हणते तुला?"

"माझी कब्दा..." म्हणता म्हणता ती थबकली. कलेजी काय नि काळीज काय, तिथे शब्द एकच.

"म्हणजे... ते मला? अरे देवा, मला वाटलं, तुला भूक लागलीय!" हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आणि मला वाटलं, माझ्या गाडीची जाहिरात!" बा बूशाइब तव्याआडून पुटपुटला.

"आता सरळ सांग," विआम म्हणाली. "यमक नको."

अल्बमभर शब्दांचा पाऊस पाडणारा तो गडी चक्क अडखळला. "मला... तू हवीस. बस्स."

तिने नाक पुसलं. "औषधवाल्याला आजच नकार कळवते. शुक्रवारी रीतीप्रमाणे साखरेचे सुळके घेऊन मागणी घालायला ये, आणि तुझ्या आईला आण."

"मी काय बोलू तिथे?"

"तू? तू गप्प बस. आईला बोलू दे."