पाच बोटांचे फोड

शेराचं झुडूप दिसायला साधं, नुसत्या हिरव्या काड्या. पण काडी मोडली की दुधासारखा चीक येतो आणि कातडं भाजून काढतो. ताईने वीस वर्षं लोकांच्या बागा राखल्या, पण एक फोड म्हणून उठू दिला नाही. कोपरापर्यंत मोजे, डोळ्यांवर चष्मा, काम संपलं की कोयता साबणाने धुवायचा आणि मगच तेल लावायचं.

धाकट्या बहिणीचा नवरा मात्र अतिशहाणा. "बायकी थेरं!" म्हणत कुंपणाचा शेर उघड्या हातांनी छाटायचा आणि तेच चिकाचे हात बायकोच्या गळ्याला घालायचा. पाच बोटं, पाच फोड. महिन्यापूर्वी तो झोपेतच गेला. सुटली एकदाची पोर, असं ताईला वाटलं.

कसलं काय! आज धाकटीच्या गळ्यावर पुन्हा तेच फोड होते. ताजे, पाण्याने भरलेले.

"कशाला हात लावलास?"

"कशालाच नाही गं."

"चीक राहिला असणार कुठेतरी."

ताईने त्याचे टॉवेल, चादरी, दारांच्या कड्या, सगळं साबणाने घासलं. अख्खं कुंपण मुळासकट उपटून गोण्यांत भरलं आणि कचऱ्याच्या गाडीतून पाठवून दिलं. कोयता धुतला, तेल लावून ओट्यावर ठेवला आणि दुपारचा चहा टाकला.

तेवढ्यात आतून धप्पकन आवाज आला. ताई कोयता घेऊनच धावली.

धाकटी भिंतीला टेकली होती, टाचा जमिनीवरून सुटलेल्या. तोंडातून आवाज फुटत नव्हता. गळ्याचं कातडं पाच ठिकाणी आत दबलं होतं.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

ताईचं डोकंच फिरलं. "सोड तिला, मेल्या!" तिने धाकटीच्या गळ्यापुढे मोकळ्या हवेत वार केला. दुसरा केला. तिसऱ्याला पातं कशात तरी रुतलं.

धाकटी खाली कोसळली आणि खोकू लागली.

पात्यावरून पांढरा चीक फरशीवर ठिबकत होता.

ताईने मोजे चढवले, गार पाण्याने तिचा गळा धुतला. संध्याकाळी जुन्या फोडांशेजारी नवे फोड वर आले. ताईने नवे मोजले, पुन्हा मोजले. चारच होते.

धाकटीनेही आरशात बघून मोजले. कितीतरी वर्षांनी तिचा चेहरा शांत दिसत होता.

"ताई, कोयता इथेच ठेवून जा," ती म्हणाली. "अजून चार राहिलीत."