पंचवीस नंबरचं दार

ऑफिसात सगळे त्यांना कडीकाका म्हणत, आणि त्यात त्यांना वावगं काही वाटत नसे. सकाळी घरातून निघताना दार ओढून घेतल्यावर ते लॅच बाहेरून तीनदा हलवून पाहत.

"अहो, तुटेल ते," बायको आतून म्हणे.

"तुटलं तर लागलंच नव्हतं असं समज," काका म्हणत आणि चौथ्यांदा हलवत.

काम कॉम्प्युटरच्या नेटवर्कचं. त्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. जुन्या मेल-मशीनचं पंचवीस नंबरचं पोर्ट, म्हणजे टपाल ज्या दारातून येतं-जातं ते, बाहेरच्या जगाला उघडं सापडलं होतं. वास्तविक ते मशीन ऑफिसातल्या ऑफिसात टपाल वाटण्यापुरतं.

"चार वाजता तपासनीस बाई येतायत. उघडं दिसलं, तर काका, उद्यापासून घरच्याच कडीकडे लक्ष द्या."

काकांनी फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या कुंपणावर, पोर्ट बंद केलं. हिरवी खूण आली. हिरव्या खुणेवर विश्वास ठेवतील ते काका कसले! लॅपटॉप मोबाइलच्या इंटरनेटला जोडून ते जिन्यात बसले आणि बाहेरच्या परक्या माणसासारखं त्या पोर्टचं दार ठोठावलं. पद्धत ठरलेली: 'हेलो' टाइप करायचं, उत्तर आलं की स्क्रीनवरची खिडकी मिटून उठायचं. जाताना 'क्विट' लिहून रीतसर निरोप घ्यावा असा नियम आहे. अकरा वर्षांत काकांनी तो एकदाही घेतला नव्हता. मशीनचा कसला आलाय निरोप.

"२५० नमस्कार," उत्तर आलं. २५० हा मशीनचा होकाराचा आकडा.

म्हणजे कुणीतरी पुन्हा उघडलं. पासवर्ड दोघांनाच ठाऊक. काका शेजारच्या टेबलावरच्या मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

"माझ्या फायरवॉलला हात लावलात?"

"काका, मी तुमच्या स्टेपलरलाही लावत नाही."

हे उत्तर त्यांना जरा जास्तच तयार वाटलं. त्यांनी पासवर्ड बदलला, पोर्ट पुन्हा बंद केलं, जिन्यात जाऊन ठोठावलं.

"२५० नमस्कार."

मग काकांनी मशीनच बंद केलं. पंख्याची घरघर थांबेपर्यंत उभे राहिले. नेटवर्कची केबल उपसली, गुंडाळली आणि पँटच्या खिशात कोंबली. सर्व्हर-रूमला कुलूप लावलं, तीनदा ओढलं. जिन्यात आले तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

हेलो.

"२५० नमस्कार काका."

त्यांनी वरचा जिना पाहिला, खालचा पाहिला. कुणी नव्हतं. ऑफिसातलं टोपणनाव त्यांनी कधीच कुठल्या मशीनला दिलं नव्हतं.

खाली आणखी एक ओळ आपोआप उमटली.

"खिशात केबल वाकते."

काकांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा 'क्विट' लिहिलं.

"२२१ निघालो."

खिडकी आपली आपण मिटली.

चार वाजता तपासनीस बाईंनी स्वतःच्या लॅपटॉपवरून तपासलं. "बंद आहे. चोख काम." त्यांनी सही केली. साहेबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. नोकरी वाचली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. तिचा आवाज दबका होता.

"अहो, तुमच्याकडचे कुणी आलेत. बाहेरच्या खोलीत बसलेत. अकरा वर्षं ताटकळलो, म्हणतायत. केबल मागतायत, तुमच्या खिशातली."

"दार कशाला उघडलंस?"

"मी कुठे उघडलं?" ती म्हणाली. "मला वाटलं, आज तुम्हीच उघडं ठेवून गेलात."