पीतांबराचा डबा

"जीभ काढ बाहेर!" सरू ओरडली.

तिच्या धाकट्या भावाने, विठूने, जीभ काढली. पिवळीधमक! सकाळपासून तीन उलट्या झाल्या होत्या, पोर पोट धरून कण्हत होतं.

"हैबतरावांची जिलेबी!" चुलतभाऊ जगन म्हणाला. "सुट्टी लागल्यापासून रोज हाणतोय हा."

सरूच्या घरी, पेणजवळच्या जोहे गावात, गणपतींच्या मूर्तींचा कारखाना. सुट्टीत रंग कालवायला तीच बसायची. मूर्तीच्या पीतांबराचा पिवळा रंग एकदा बोटांना लागला की आठ दिवस निघत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? विठूच्या जिभेवर तोच पिवळा होता.

आई विठूला एसटीने पेणला दवाखान्यात घेऊन गेली. इकडे सरू, जगन आणि शेजारची पुतळी तडक एसटी थांब्यावरच्या हैबतरावांच्या टपरीवर धडकली.

"काका, जिलेबीत रंग कसला?"

"हळद हाय गो, घरची हळद!" हैबतराव झारा हलवत हसले.

"मग बघाच!" पुतळीने घरून आणलेल्या साबणाच्या पाण्याच्या दोन वाट्या फळीवर ठेवल्या. सरूने एकीत चिमूटभर हळद टाकली. पाणी लाल! दुसरीत जिलेबी कुस्करली. पाणी पिवळं ते पिवळंच! गिऱ्हाइकांनी हातातल्या पुड्या खाली ठेवल्या.

"पोरखेळ हाय हा! चला, निघा!"

तेवढ्यात जगन फळीखाली शिरला आणि डबा घेऊनच बाहेर आला. "सापडला! सरू, वाच!"

सरूला वाचायची गरजच नव्हती. डब्यावरच्या चिठ्ठीत 'पिवळा, पीतांबराचा' असं लिहिलं होतं, आणि अक्षर तिचंच होतं. कारखान्यातल्या साऱ्या डब्यांवर चिठ्ठ्या तीच लिहायची, आणि त्याचा तिला केवढा तोरा होता!

"माझ्यावर कशाला डोळे काढतेस?" हैबतराव खेकसले. "तुझ्याच बापाने दिलाय!"

सरू धावत घरी आली, मागोमाग डबा घेऊन जगन. आबा, म्हणजे तिचे वडील दिनानाथ, मूर्ती रंगवत होते.

"व्हय, जिलेबीला मागितला त्याने, मीच दिला," ते म्हणाले. "देवाच्या अंगाला लागतो गो तो. माणसाला बाधेल, असं मनातच नाय आलं."

आयुष्यभर रंगात हात घालणारा माणूस! एकदा कोणाला विचारलं असतं तर जीभ झिजली असती का? सरूला इतका राग आला की रडूच फुटलं. जगनने डबा उचलला आणि तिला घेऊन पेणची एसटी पकडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी डब्यातला रंग पाहिला. "हा पोटात जायचा रंगच नाही. रोज खाल्ला तर लिव्हर, मूत्रपिंडं, सगळं बिघडवतो. वेळेवर कळलं म्हणून बरं. शाबास पोरांनो!"

सरपंचांनी टपरी बंद करवली आणि भर चावडीवर तिघांची पाठ थोपटली. जगन फुशारला. सरूला मात्र ती शाबासकी घशाखाली उतरेना.

चौथ्या दिवशी विठू घरी आला. गालफडं बसलेली. रंगवत असलेल्या मूर्तीसमोर तो थांबला.

"आबा, बाप्पाचं पोट नाय दुखत?"

दिनानाथांचा हात तिथेच थांबला. कुंचला त्यांनी पाण्यात बुडवून ठेवला.

"सरू," ते खालमानेने म्हणाले, "साऱ्या डब्यांवर लिही गो, खायचा नाय म्हणून. मोठ्या अक्षरात लिही."

सरूने एकूणएक डब्यावर लिहिलं. साऱ्या गावाने तिला शाबासकी दिली होती. आबांना मात्र शरमेने मान वर करून तिच्याकडे पाहवलंसुद्धा नाही.